देव सगळीकडे आहे, पण तुम्ही कुठे आहात?

मागच्या महिन्यात घरातल्या एका लग्नाच्या निमित्ताने आमचा सगळा गोतावळा जमला. पुण्याचे आले, नगरचे आले, दोघे तर थेट दुबईहून आले. जेवणे उरकली, पाहुणे पांगले आणि घरचीच माणसे मांडवात सतरंजीवर लवंडली. मी आपले सहज एका पुतण्याला विचारले, "काय रे, तिकडे उपासनेला कुठल्या मंडळीत जातोस?" तो हसला. म्हणाला, "काका, आता कुठं जायची गरजच राहिली नाही. रविवारी सकाळी चहा घेऊन बसतो, मोबाईल टीव्हीला जोडतो. एकापेक्षा एक संदेश ऐकायला मिळतात. आवडला नाही तर पुढचा. आणि देव तर सगळीकडं आहे ना?" बाकीच्या तरुणांनी माना डोलावल्या. दोन म्हाताऱ्यांनीही डोलावल्या, त्याचे मला जास्त वाईट वाटले.

लग्नघरात वाद नको म्हणून तेव्हा गप्प बसलो. पण तेव्हापासून डोक्यात भुंगा लागला आहे. आज लिहून टाकतो. ज्यांना लागेल त्यांनी फोन करावा, मला अजून चांगले ऐकू येते.

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले तेव्हा आमची उपासनाही बंद झाली. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, प्रार्थनास्थळे उघडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, परत उघडली. या काळात मुलाने मला मोबाईलवर उपासना कशी लावायची ते शिकवले आणि काय सांगू, मला त्याची गोडीच लागली! मुंबईच्या पाळकांचा संदेश, केरळच्या लोकांचे गायन, पाय पसरून खुर्चीत बसायचे, मध्येच थांबवून चहा प्यायचा. ऑक्टोबरमध्ये दार उघडले तरी मी गेलो नाही. वयाचे कारण होतेच, गुडघ्याचेही होते. नोव्हेंबर गेला, डिसेंबर उजाडला.

आमच्या मंडळीत एक म्हातारी बाई आहेत. नाव सांगत नाही. अक्षरओळख नाही, जन्मभर दुसऱ्याच्या वावरात खुरपणी केली, हळद शिजवायच्या दिवसांत कढईपाशी राबल्या. त्या एका सोमवारी काठी टेकत माझ्या दारात आल्या. मला वाटले औषधाची चिठ्ठी वाचून घ्यायची असेल. त्या उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "गुर्जी, काहून येईना झालात? तुमी वाचत होतात तवा मला शास्त्र समजायचं. आता पाळकसाहेब सोताच वाचायलेत, लई घाईत. दोन महिने झाले, मला देवाचा शब्द नीट ऐकू आला नाही."

मी बी.ए. झालेला माणूस. पस्तीस वर्षे पोरांना वाचायला शिकवले. पण आपल्या घरी बसण्याने दुसऱ्या कुणाचा रविवार उपाशी जातो, हे मला अक्षरओळख नसलेल्या बाईने सांगावे लागले. मी घरात बसून समजत होतो की मला उपासना मिळते आहे ना, मग झाले. माझ्याकडून कुणाला काही मिळायचे असते, हा विचारच मनाला शिवला नव्हता.

माझ्या पुतण्याच्या बोलण्यात खोट आहे ती इथे. तो म्हणतो "मला मिळते". संदेश मिळतो, गायन मिळते, मनाला शांती मिळते. अरे बाबा, हे सगळे तर घेण्याचे झाले! तू त्या टीव्हीसमोर बसला नाहीस तर तिकडे कुणाला कळते? तू "आमेन" म्हणालास काय आणि जांभई दिलीस काय, त्या मुंबईच्या पाळकाला काय पत्ता? आमच्या पत्र्याच्या खोलीत पंधरा-वीस माणसे असतात. त्यातले एक कमी झाले तर गाणे हलके होते. ढोलक वाजवणारा आला नाही तर चाल पळते. इब्रीकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र येणे सोडू नका असे बजावले आहे, ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण त्याच्या लगतचे शब्द आपण घाईने ओलांडतो. तिथे एकमेकांना उत्तेजन देण्याची गोष्ट आहे. एकमेकांना! खुर्चीत एकट्याने बसून एकमेकांना कसे करतात, ते मला कुणीतरी शिकवावे. आणि लक्षात घ्या, "काही जणांना ही सवय लागली आहे" अशी तक्रार तेव्हाच होती. म्हणजे दांडी मारण्याचा रोग मोबाईलने आणलेला नाही, मोबाईलने त्याला फक्त मऊ गादी दिली.

आता "देव सगळीकडे आहे" या वाक्याकडे येतो. या वाक्याचा मला खरा राग आहे. वाक्य खोटे नाही. पण ते आपल्याच घराण्यातल्या माणसांनी उच्चारावे याचा राग आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांना हेच वाक्य ऐकवले जात होते, हे विसरलात का? देवळाच्या बाहेर उभे राहा, तिथूनच हात जोडा, देव काय सगळीकडे आहे! आपल्या जिल्ह्यातली नर्सी संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखली जाते. त्या नामदेवांची पायरी पंढरपूरला महाद्वारात आहे आणि तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे. चोखोबा जन्मभर बाहेरच राहिले. विठ्ठल त्यांच्या मनात नव्हता का? होता, ओसंडून होता. तरी बाहेर राहण्याचे दुःख त्यांना जाळत राहिले. आणि मे १९४७ मध्ये, देश स्वतंत्र व्हायला अवघे तीन महिने उरले असताना, साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले ते कशासाठी? हरिजनांना आत घ्या म्हणून. "देव सगळीकडे आहे, आत कशाला जायचे?" असे त्यांना म्हणता आले नसते का? म्हणणारे तेव्हा खूप होते. पण सोबत उभे राहणे, एका जागी, एका छपराखाली, हे देवाच्या सर्वव्यापीपणाने भागत नाही, हे त्या माणसाला कळत होते.

आमचे आजोबा पैनगंगेच्या अलीकडचे, निजामाच्या हद्दीतले. पलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड. ख्रिस्ती झाल्यावर ते उपासनेसाठी वाशिमच्या बाजूला पायी जात. शनिवारी दुपारी निघायचे, रविवारची उपासना करायची आणि रात्री उशिरा परत. नदीला पूर आला की पलीकडेच अडकायचे आणि सोमवारची मजुरी बुडायची. घरात आजी चिडायची. मी लहानपणी त्यांना विचारले होते, "आबा, घरीच प्रार्थना केली असती तर?" ते म्हणाले, "घरी प्रार्थना रोजच करत होतो की. पण तिथं मला सतरंजीवर बसायला जागा होती." एवढेच बोलले. गावात ज्यांना ओट्यावर चढू देत नसत त्या माणसाला तिथे पाटलाच्या घरातून आलेल्या बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाशेजारी बसवले जाई, आणि प्रभुभोजनाचा प्याला त्याच्या ओठाचा याच्या ओठाला लागे. हे घरच्या घरी कसे घडणार होते? प्रेम, समता, बंधुभाव हे शब्द एकट्याला तोंडपाठ करता येतात. पण त्यांची परीक्षा द्यायची तर शेजारी माणूस लागतो, आणि तो आपण न निवडलेला लागतो.

आपल्या मराठवाड्यातच याचे मोठे उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते जालन्याला आले आणि निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. तिथे राहायला आले ते बहुतेक मांग आणि महार समाजातले लोक. शेषाद्रींना मुंबईत राहून लेख लिहिता आले असते, व्याख्याने देता आली असती. पण त्या काळच्या ब्राह्मणाने त्या लोकांबरोबर वस्ती करणे आणि एका उपासनेला बसणे, या गोष्टीला दुसरा पर्याय नव्हता. त्यांनी लिहिलेला कुठला लेख ते काम करू शकला नसता. (हाही करणार नाही, हे मला ठाऊक आहे. असो.)

आता पुतण्याची टीव्हीवरची मंडळी बघू. तिथे त्याच्या शेजारी कोण बसते? कुणीच नाही. ज्या संदेशात कान टोचले जातात तो "पुढचा" म्हणून सरकवता येतो. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यासोबत प्रभुभोजनाला बसायची वेळच येत नाही. शिकलेल्याने शिकलेल्याचे ऐकायचे, इंग्रजीवाल्याने इंग्रजीतले. जी भिंत पाडायला आजोबा पूर ओलांडून जात होते, ती नातवाने हेडफोन लावून पुन्हा उभी केली. फक्त या वेळी आपणच आत कोंडून घेतले आहे आणि त्याला सोय म्हणतो आहोत.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना ही गोष्ट इतकी उघड होती की तिचा वाद घालण्याची त्यांना गरज वाटली नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन नावाच्या विद्वानाने बादशहाला उद्देशून एक निवेदन लिहिले. त्यात रविवारी काय चालते ते सांगितले आहे. शहरातले आणि खेड्यातले सगळे एका जागी येतात, वेळ असेल तितके शास्त्रवाचन होते, मग बोध, प्रार्थना, भाकर आणि प्याला. वर्गणी जमते ती अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी. वाचणाऱ्याचाही त्यात उल्लेख आहे, तो वाचून मला जरा अभिमान वाटला! आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी सेवक भाकर घरी घेऊन जात. हे शेवटचे नीट पाहा. अंथरुणावर पडलेल्यांना मंडळी विसरत नव्हती, चालत त्यांच्याकडे जात होती. म्हणून जे खरोखर उठू शकत नाहीत, परगावी नोकरीत अडकले आहेत, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांच्यावर माझा एका शब्दाचाही रोख नाही. त्यांना मोबाईल हा आशीर्वादच आहे. माझा रोख धडधाकट पायांवर आहे.

आणि पुढे ३०४ साली, डायोक्लेशन बादशहाने ख्रिस्ती सभांवर बंदी घातली असताना, आजच्या ट्युनिशियातल्या अबितिने गावचे ४९ लोक रविवारी जमले म्हणून पकडले गेले. त्यांना कार्थेजला नेऊन चौकशी झाली. एमेरितस नावाच्या माणसाला विचारले की बंदी असताना यांना घरात का घेतलेस. त्याच्या उत्तराचा मतितार्थ असा, की हे माझे भाऊ आहेत, यांना मी अडवू शकत नव्हतो, आणि प्रभूच्या दिवसाच्या या मेळ्याशिवाय आम्ही जगूच शकत नाही. त्यांचा छळ झाला. घरी एकट्याने प्रार्थना केली असती तर कुणी त्यांच्या वाटेला गेले नसते. आपल्याकडे अडथळा कशाचा? दहा वाजताच्या उन्हाचा आणि क्रिकेटच्या मॅचचा.

हे वाचून आमच्यातले काही जण म्हणतील, गुरुजी, पुस्तकातल्या मंडळ्या सांगू नका, आपल्या मंडळ्या बघा. कमिटीच्या निवडणुका, जमिनींचे खटले, दोन गट, दोन पेट्या, एकमेकांचे तोंड न बघणारे सख्खे भाऊ. हे सगळे मी पाहिले आहे. एका मंडळीत तर मी स्वतः हिशेब विचारला म्हणून वर्षभर माझ्याशी कुणी बोलत नव्हते. त्या वर्षी मी मागच्या दाराजवळ बसायचो आणि आशीर्वचन होताच निघायचो. तेव्हा सोडून द्यावेसे वाटले नाही असे म्हणणार नाही. अनेक चांगली माणसे याच कारणाने गेली, आणि त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते.

पण या बाबतीत रेव्हरंड टिळकांकडे पाहा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला झाला. पुढची वीसेक वर्षे ते अमेरिकन मिशनच्या मंडळीत राबले. आपल्या उपासना संगीतात त्यांची कितीतरी गीते आहेत, ती अजूनही रविवारी आपल्या तोंडी असतात. पण परदेशी साहेबांच्या ताब्यातल्या मंडळीत त्यांचा जीव घुसमटला आणि १९१७ साली त्यांनी मिशन सोडले. लोक हे उदाहरण मला मोठ्या उत्साहाने देतात, "बघा, टिळकांनीसुद्धा सोडले!" हो, सोडले. पण सोडून काय केले? घरी जाऊन एकटे बसले का? त्यांनी "देवाचा दरबार" उभा केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे भक्त एकत्र आणायला निघाले. दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले. मंडळीला विटलेल्या माणसाच्या हातून शेवटचे काम घडले ते माणसे जमवण्याचे! दरबार एकट्याचा असतो का कधी? तेव्हा तुम्हाला आमची मंडळी पसंत नसेल तर खुशाल दुसरी शोधा, नाहीतर चार घरे मिळून तुमच्या फ्लॅटमध्ये नवी सुरू करा. मी नारळाच्या वड्या घेऊन पहिल्या दिवशी येतो. पण भांडण मंडळीशी आहे म्हणून उपासना खुर्चीत करतो, हे टिळकांच्या नावावर खपवू नका.

पाळकांनाही दोन शब्द सुनावतो, म्हणजे ते खूश होऊन हा लेख वाचून दाखवणार नाहीत. दीड-दीड तासाचे संदेश देऊन माणसांना ऐकणारे करून ठेवले कुणी? सगळे एकट्याने बोलायचे, एकट्याने गायचे, वाचनही आपणच उरकायचे, बाकीच्यांनी नुसते बसायचे. असेच बसायचे असेल तर टीव्ही काय वाईट? त्याचा आवाज तरी कमी करता येतो. पोरांना वाचायला द्या, बायांना प्रार्थना करू द्या, म्हाताऱ्यांना साक्ष देऊ द्या. टाळ, पेटी, ढोलक घेऊन बसा. टिळकांची आणि कृष्णराव सांगळ्यांची गीते पडद्याकडे बघत ऐकण्यासाठी नाहीत, ती चार गळ्यांनी मिळून उचलायची असतात. नर्सीहून पंढरपूरला निघालेल्या दिंडीतला कुणी म्हणेल का, की मी यंदाची वारी मोबाईलवर केली? आणि इथून जवळच नांदेडला गुरुद्वारात जाऊन बघा, संगत आणि पंगत या दोन शब्दांवर सगळे चालते. शेजाऱ्यांना जे कळते ते आपल्याला कळेनासे झाले आहे.

एक गोष्ट हळू आवाजात बोलली जाते, ती मोठ्याने बोलतो. सध्याच्या दिवसांत चार ख्रिस्ती जमले की कुणीतरी येऊन विचारते, इथे काय चालले आहे. म्हणून काहींना घरातच बरे वाटते. भीती मलाही वाटते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि त्यात आपण शंभरात एकही नाही. पण संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने दिलेला हक्क हा नुसता मनात देव मानण्याचा नाही, आचरणाचाही आहे. आम्ही तर उपासनेच्या वेळी दार सताड उघडे ठेवतो. शेजारच्या किराणा दुकानदाराला आमची अर्धी गाणी पाठ झाली आहेत. एखाद्या रविवारी आवाज आला नाही तर तोच विचारतो, "आज सुट्टी का गुरुजी?" मुठीएवढ्या लोकांनी आपापल्या घरात दारे लावून घेतली तर पाच-दहा वर्षांत इथे आपण होतो हेसुद्धा कुणाला आठवणार नाही. आणि आपला माणूस गेला की? पेटी उचलायला चार खांदे लागतात, खड्डा खणायला दोघे लागतात, गीत म्हणायला कुणीतरी लागते. गेल्या पावसाळ्यात आमच्यातले एक गेले. ऐन वेळी माणसे कमी पडली तेव्हा त्या दुकानदाराने खांदा दिला. त्यांची मुले मोठ्या शहरात, मोठ्या मंडळीचे कार्यक्रम दर रविवारी बघणारी. त्या मंडळीतून एकही फोन आला नाही. येणार कसा? यांचे नावच तिथे कुणाला ठाऊक नव्हते.

नुसत्या नाताळाला नवे कपडे घालून येणाऱ्यांबद्दल आणि वर्षातून एकदा मोठ्या मैदानावरच्या सभेला जाऊन वर्षभराचा हिशेब चुकता करणाऱ्यांबद्दल लिहायचे होते. पण लांबले. ते पुन्हा कधी.

त्या म्हातारीच्या तक्रारीनंतरच्या रविवारी मी गेलो. गुडघे दुखत होते. माझी नेहमीची जागा कुणी घेतली नव्हती. पाळकांनी काही न बोलता शास्त्र माझ्या हातात दिले, चष्मा पुसून मी वाचायला सुरुवात केली. त्या बाई नेहमीसारख्या पुढे सरकून बसल्या, डोक्यावरचा पदर कानामागे घेऊन. तेव्हापासून माझा रविवार चुकलेला नाही, दवाखान्यातले दोन सोडून. त्या दोन्ही रविवारी उपासना सुटल्यावर सगळे जण डबा घेऊन खाटेजवळ आले आणि नर्सबाईंनी आम्हाला आवाज कमी करायला सांगितले.

बाई आता खूप थकल्या आहेत. दिसत नाही, ऐकायलाही कमी येते. मी जरा मोठ्याने वाचतो. पण माझाही आवाज अलीकडे फाटतो आणि माझ्यानंतर वाचायला आमच्यात सध्या एक सातवीतली मुलगी सोडून कुणी नाही. तिला दर शनिवारी संध्याकाळी बोलावून जोडाक्षरे घोटून घेतो आहे. पुतण्या दिवाळीला येणार आहे. त्याचा आवाज लहानपणापासून खणखणीत आहे, शाळेत वक्तृत्वात बक्षिसे मिळवलेली आहेत. त्या रविवारचा उतारा मी त्याच्यासाठी राखून ठेवला आहे. उपासना सकाळी दहाला असते. पंखा एकच आहे, त्याच्याखालची जागा त्याला देऊ.